मित्सुए आजीच्या आखाड्यातली दुसरी कुस्ती

मित्सुएबाई आयुष्यात एकदाही कुस्ती खेळल्या नाहीत. देवळामागच्या आखाड्यात त्यांनी आजतागायत पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. तरी आमच्या बेटावरच्या निम्म्या पोरांना सुमो कोणाकडे शिकलात म्हणून विचारलं तर ती त्यांचंच नाव सांगतात, आणि ते ऐकून बाहेरगावचा माणूस हसतो. हसू दे बापडा.

माझं दुकान आखाड्याच्या समोर आहे. सोया सॉस, बॅटऱ्या, गळ, रबरी हातमोजे असलं सगळं मी विकतो. गल्ल्यावर बसलं की तांबड्या मातीचा तो चौथरा, त्यावर पेंढ्याच्या दोरखंडाचं गोल कडं आणि वरचं पत्र्याचं छप्पर सरळ नजरेसमोर येतं. त्यामुळे मी जे सांगतोय ते ऐकीव नाही.

त्यांचे यजमान योशिहारू धक्क्यावर बोटीचे दोर बांधायचे आणि शनिवारी दुपारी मुलांना सुमो शिकवायचे. मित्सुएबाई शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. बेटावरचा कोणता माणूस लहानपणी गाजर खायचा नाही आणि कोण दूध गुपचूप झाडाला घालायचा, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. शनिवारी नवऱ्यासाठी त्या आखाड्यावर चहा घेऊन यायच्या, मुलांचे कमरेचे पट्टे उन्हात पसरायच्या आणि कडेला बाकावर बसून राहायच्या.

एका हिवाळ्यात योशिहारू छातीत कळ येऊन गेले. दिवसकार्य झालं. वसंतात एका शनिवारी मित्सुएबाई आखाड्यामागच्या खोलीतून त्यांचे गमबूट आणि थर्मास आणायला गेल्या, तर तिथे पोरं रांगेत उभी. चड्डीवरून पट्टे बांधलेले, कोणाचा सुटत आलेला. शिकवणी आता बंद, हे मुलांना सांगायचंच सगळे विसरले होते.

"काका नाहीत रे आता," मित्सुएबाई म्हणाल्या.

"माहीत आहे," त्यातला सगळ्यात लहान, गेन्ता, म्हणाला. "पण शनिवार आहे ना."

त्यांनी गमबूट खाली ठेवले आणि विचारलं, काका असते तर आधी काय केलं असतं? पाय आपटायचे, पोरं म्हणाली. मग आपटा. त्या मोजत बसल्या. नंतर काय? नंतर ढकलाढकली. मग करा ढकलाढकली. संध्याकाळी घरी जाताना पोरांनी रांगेने वाकून नमस्कार केला आणि पुढच्या शनिवारी परत आली. दुसरा कोणी मिळेपर्यंत मी बसते, असं त्या मला म्हणाल्या होत्या. गेन्ता आता बोटीवर जातो आणि दुसरा कोणी अजून मिळायचा आहे.

बाईमाणसाने सुमो शिकवावं का, यावर देवस्थानच्या बैठकीत थोडी कुरबुर झाली. म्हातारे पुजारी डोळे मिटून ऐकत होते. शेवटी ते म्हणाले की बाईंनी कड्याच्या आत पाय ठेवू नये अशी रीत आहे, बाहेरून बोलू नये अशी काही रीत नाही. तेव्हापासून मित्सुएबाई बाहेरच बसतात. पुढे बेटावरची मुलं कमी होत गेली तेव्हा मुलींना घ्यायचं का हा प्रश्न आला. पुजारी म्हणाले, लहान मुलांत देव मुलगा-मुलगी बघत नाही, पण आखाडा रिकामा मात्र त्याला दिसेल. तोही प्रश्न मिटला.

डाव त्यांना येत नव्हतेच. मोठी पोरं धाकट्यांना शिकवायची, आणि कोणाला काही अडलं तर त्या माझ्या दुकानात येणाऱ्या कोळ्यांपैकी एखाद्याला हाताला धरून न्यायच्या. त्यांच्या वाट्याला आलं ते निराळंच काम. सुमोत पेंढ्याच्या कड्याबाहेर पाय पडला, किंवा तळपायाखेरीज अंगाचं काहीही जमिनीला टेकलं, की हरलात. एवढा सोपा खेळ, आणि एवढ्यासाठी केवढं रडणं. शिवाय आईबाप होतेच.

यात त्यांच्या घरची एक गोष्ट होती. योशिहारू लोकांच्या मुलांशी जितके मोकळे, तितके स्वतःच्या मुलाशी मिटलेले. शुन्जी जिंकून आला की जेवताना बाप ती कुस्ती डावासकट पुन्हा रंगवून सांगायचे. तो हरून आला की त्या दिवशी घरात फक्त भांड्यांचा आवाज. ओरडणं नाही, हात उगारणं नाही, नुसतं गप्प. मित्सुएबाई मिसोचं सार वाढायच्या आणि त्याही गप्प राहायच्या. बारा वर्षांचा झाल्यावर शुन्जीने पट्टा खुंटीला टांगला, तो पुन्हा काढला नाही. आता तो कोबेला लिफ्ट दुरुस्त करतो.

आई सुमो शिकवायला लागली हे कळल्यावर त्याने फोन केला आणि खूप हसला. "आई, तुला पट्टा तरी बांधता येतो का?" म्हणाला. नंतर म्हणाला, "हरलेल्या पोराला त्या दिवशी नेहमीसारखी जेवायला हाक मार. तेवढं केलंस तरी पुष्कळ झालं."

हे मित्सुएबाईंनी मला तांदूळ घेताना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी रोजच्या दुप्पट तांदूळ नेला.

पुढच्या शनिवारपासून आखाड्यावर भाताचे मुटके येऊ लागले. पण पहिल्या झटक्यात बाईंचं गणित चुकलं. हरलेल्याला बरं वाटावं म्हणून त्यांनी त्याच्यासाठी मोठा मुटका ठेवला, आत खारवलेला रावस भरून. जिंकणाऱ्याला लहान, आत आंबट आलुबुखार. पोरंच ती. महिनाभरात चांगले तगडे मल्ल वाऱ्याच्या झुळकीनेही पडायला लागले. एका शनिवारी तर कोणीच जिंकायला तयार होईना. दोघं भिडले आणि एकमेकांना बाहेर ढकलायच्या ऐवजी आत ओढू लागले. मी दुकानातून पाहिलं, बाई पोट धरून बाकावर आडव्या झाल्या होत्या. तेव्हापासून सगळ्यांना एकच मुटका, एकच मासा. जिंकणाऱ्याला जास्तीचं एवढंच, की त्याने आखाडा झाडायचा. एका पोराने विचारलं, हा अन्याय नाही का? बाई म्हणाल्या, "त्याला डोळे पुसायचेत, त्याचे हात गुंतलेत. तुझे रिकामे आहेत ना? मग घे झाडू."

आईबापांना त्यांनी एकच नियम घातला. मुलाचं खाऊन होईपर्यंत कुस्तीचा विषय काढायचा नाही. खाऊन झाल्यावर मुलाने स्वतः काढला तर ऐकायचं. हा नियम सगळ्यात जास्त जड गेला तो गेन्ताच्या बापाला.

मुराओ काझुनोरी माकूळ पकडायच्या बोटीचा मालक. इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलायची जन्माची सवय, त्यामुळे तो कानात सांगतो तेही बंदरावर ऐकू येतं. गेन्ताची कुस्ती सुरू झाली की हा कड्याबाहेरून स्वतःच अर्धी कुस्ती खेळायचा. "कंबर धर, कंबर. अरे, ती कंबर आहे, खांब नव्हे." गेन्ता बिचारा एक कान बापाकडे आणि एक डोळा समोर ठेवून खेळायचा, आणि मध्येच दोन्ही चुकायचं. मित्सुएबाई म्हणायच्या, "काझू, आखाड्यात किती जण आहेत?" दोन, तो म्हणायचा. "मला तिघांचा घाम दिसतोय," बाई म्हणायच्या. तो खजील होऊन दोन मिनिटं गप्प बसायचा. ज्या बाईने लहानपणी आपल्या ताटातलं गाजर मोजलेलं असतं, तिच्यासमोर बोटीचा मालकही दुसरीतलाच.

तरीही गेन्ता वाढत गेला, अंगाने आडवा भरला आणि दहाव्या वर्षी बेटावरच्या मुलांत पहिला ठरला. त्याच वर्षी तोमोका आली.

तोमोकाची आई हिसायो दवाखान्यात नर्स म्हणून ओसाकाहून आली होती. घरात दोघीच. पोरगी गेन्ताहून वर्षाने लहान, केस बारीक कापलेली, ज्यूदो शिकलेली, आणि बोलायची कमी. पहिल्याच शनिवारी तिने एकामागून एक सगळ्यांना बाहेर काढलं, गेन्तालाही. मग न सांगता झाडू उचलला, कारण नियम तिने बाकावर बसून आधीच ऐकला होता. त्यानंतर वर्षभर आखाडा तीच झाडत होती.

गेन्ता हरला की घरी जाण्याआधी माझ्याकडे बर्फाचा गोळा घ्यायला यायचा. मी आपलं सहज विचारायचो, काय रे, आज कसं? तो विचार करून सांगायचा. आज तिने उजवीकडून घेतलं. आज मी जरा जास्त वेळ टिकलो. आज तिला धाप लागली होती, काका, मी ऐकली. रडताना मी त्याला फार कमी पाहिलं. रडायला यायचं ते त्याच्या बापाला.

हिसायोला काळजी निराळीच. ओसाकाला ही पोरगी एका स्पर्धेत हरली होती तेव्हा कित्येक दिवस घरात बोलली नव्हती, जेवली नव्हती. आई काही समजवायला गेली की पांघरूण डोक्यावरून घ्यायची. इथे अजून हरली नाही, पण हरेल तेव्हा मी काय करू, असं ती मित्सुएबाईंना विचारायला आली होती. माझ्या दुकानातच विचारलं. बाईंनी तिला मीठ मोजून द्यायला सांगितलं, मला नव्हे, तिलाच, आणि म्हणाल्या, "अजून हरली कुठे आहे? हरायच्या आधीच तू हरून बसलीस." हिसायो हसली, पण तिचं समाधान झालं नाही, हे दिसत होतं.

शरदातला देवळाचा उत्सव आला. आमच्याकडे उत्सवाच्या कुस्त्यांची एक रीत आहे. प्रत्येक जोडीने दोनदा लढायचं. पहिली कुस्ती खरी. ती जो जिंकेल त्याने दुसरी समोरच्याला द्यायची. म्हणजे जोर लावायचा, भिडायचं, आणि शेवटी आपण होऊन बाहेर जायचं. एकास एक, बरोबरी. मोठी माणसंही हेच करतात. ज्याला आज पाडलं, त्याच्याच बोटीतून उद्या मासे उतरवायचे असतात, त्याच्याच बहिणीशी मुलाचं लग्न ठरायचं असतं. दुसरी कुस्ती दिलेली आहे हे सगळ्या गावाला माहीत असतं आणि सगळं गाव तरीही टाळ्या वाजवतं. पाहुण्यांना हे खोटं वाटतं. आम्हाला त्याशिवाय उत्सव झाल्यासारखा वाटत नाही.

मुलांची शेवटची जोडी गेन्ता आणि तोमोका. पहिली कुस्ती लांबली, पण अखेर तोमोकाने त्याला कमरेतून फिरवून कड्याबाहेर काढलं. टाळ्या झाल्या. पुजाऱ्यांनी आखाड्यात शुद्धीचं मीठ टाकलं. दोघं पुन्हा भिडले. आता पोरगी मागे सरकत जाणार म्हणून लोक हात टाळीसाठी तयार ठेवून बसले होते. आणि तोमोकाने गेन्ताला उचलून सरळ पाठीवर टाकलं.

कोणी टाळी वाजवली नाही. मागे कोणाचं तरी तान्हं रडायला लागलं, तेवढाच आवाज. पंच असलेले पुजारी हातातल्या निकालाच्या पंख्याकडे बघत राहिले, कारण हा पंखा आता कोणाकडे दाखवायचा हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. हिसायो अर्धी उठून उभी राहिली आणि तशीच थांबली.

मुराओ मात्र थांबला नाही. तो तरातरा मित्सुएबाईंसमोर आला. म्हणाला, हे काय शिकवलंत तुम्ही? आमच्या बापजाद्यांपासून असं कधी झालं नाही. पोरगी बाहेरची आहे, तिला माहीत नसेल, पण तुम्ही तर इथल्या ना? माझ्या पोराला सगळ्या गावासमोर दोनदा पाडलं. तो आणखीही बोलणार होता, पण बाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या गेन्ताकडे बघत होत्या. गेन्ता पाठीची माती झाडत उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हरलेल्या पोराचं दुःख अजिबात नव्हतं. उलट, काहीतरी फोडून पकडला गेल्यासारखा तो दिसत होता.

"गेन्ता," बाई म्हणाल्या, "तुला काही सांगायचंय का?"

गेन्ताने आधी तोमोकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मीच सांगितलं होतं तिला. दिलीस तर पुन्हा बोलणार नाही म्हणालो."

"का रे?" बाप खालच्या आवाजात म्हणाला, म्हणजे त्याच्या मानाने खालच्या.

"मला दिलेली नको होती. मला घ्यायची होती."

तोमोका जमिनीकडे बघत म्हणाली, "मी द्यायला शिकले होते. आठवडाभर सराव केला होता." एवढंच बोलली, पण त्यात तिची बाजू सगळी आली. रीत मोडायची तिला हौस नव्हती. मित्राला दिलेला शब्द तिने पाळला होता.

मित्सुएबाईंना हसू आवरेना. त्यांनी तोंडावर पदरासारखा ॲप्रन धरला. मग त्या पुजाऱ्यांकडे वळून म्हणाल्या की चूक माझी, पोरांचं आपसात काय ठरलंय हे मी विचारायला हवं होतं. पुजाऱ्यांनी डोळे मिटले. ते म्हणाले, बरोबरी झाल्याशिवाय देवासमोरची जोडी उठत नाही, त्यामुळे दुसरी कुस्ती अजून बाकीच आहे असं समजू. ती द्यायची की घ्यायची, हे ज्याचं त्याने ठरवावं.

"मी घेणार," गेन्ता म्हणाला.

"मी देणार नाही," तोमोका म्हणाली, आणि पहिल्यांदाच किंचित हसली.

मुराओ दोन्ही हात वर करून काही सांगायला निघाला होता, तोच बाईंनी मिठाची परडी उचलून त्याच्या हातात दिली. "काझू, ही धर. दोन्ही हातांनी. सांडली तर देवाचं मीठ सांडेल." झालं. ज्याचे हात बांधले गेले त्याला ओरडताही येत नाही, हे त्या दिवशी मला कळलं. निदान मुराओला तरी येत नाही.

मग जे झालं तसं आमच्या आखाड्यात ना आधी झालं होतं, ना नंतर. गेन्ता पडला. मीठ टाकलं, उभा राहिला, पुन्हा पडला. पुन्हा बाहेर गेला. पहिल्यांदा लोक कनवाळू होऊन बघत होते. मग कोणीतरी हसलं, मग गेन्ताच हसला, आणि मग सगळी गर्दी मोकळेपणाने हसू लागली. म्हाताऱ्या बायका त्याला मीठ जास्त टाक म्हणून सांगू लागल्या. कोळी पोरं दर वेळी तो किती टिकला हे मोठ्याने मोजू लागली. आणि खरंच दर वेळी तो थोडा जास्त टिकत होता. तोमोकाचा श्वास मलाही ऐकू यायला लागला. शेवटच्या वेळी ती त्याला फिरवायला आली तेव्हा तो फिरला नाही. खांद्याने तिच्या छातीला टेकून, तोंड लाल करून, एकेक पाऊल ढकलत त्याने तिला कड्यावर नेलं. तिची टाच पेंढ्याला लागली, ती पाय रोवून मागे कलली, आणि मग तिचा पाय बाहेर पडला.

बाहेर पडला म्हणजे खराच. दिलेली कुस्ती आम्ही लहानपणापासून बघत आलोय, आम्हाला ती ओळखता येते. ही घेतलेली होती.

मुराओने परडी धरूनच उडी मारली आणि देवाचं मीठ सगळ्यांच्या डोक्यावर पडलं. लोकांनी गेन्ताला उचललं. त्या गडबडीत तोमोका कड्याबाहेर जिथे पाय पडला तिथेच उभी होती. तिने नीट वाकून नमस्कार केला, चालत आखाड्यामागच्या खोलीकडे गेली, आणि भिंतीआड गेल्यावर पळाली.

हिसायो तिच्यामागे धावली. बाईंनी तिला मध्येच गाठून हाताला धरलं. मी मुटक्यांची टोपली घेऊन तिथेच होतो, म्हणून ऐकलं. "मी काय सांगू तिला?" हिसायोच्या डोळ्यांत पाणी होतं. बाई म्हणाल्या, तू काही सांगू नकोस, ती आली की बाजूला बस. समोर बसू नकोस, बाजूला बस. मग माझ्या टोपलीतला एक मुटका घेऊन त्या स्वतः खोलीमागे गेल्या. मला यायला सांगितलं नव्हतं. पण टोपली माझ्याकडे होती, भिंत पातळ होती आणि तिच्या फळ्यांत फट होती.

तोमोका लाकडांच्या ढिगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाई बाजूला बसल्या. मग बाईंनी मुटका पुढे केला.

"भूक नाही," ती म्हणाली.

"मला आहे," बाई म्हणाल्या आणि स्वतः खायला लागल्या. चांगला आवाज करून खाल्ला. अर्धा संपला तेव्हा पोरीने मान वळवून पाहिलं.

"तुम्हाला काय माहीत कसं वाटतं," ती म्हणाली. "तुम्ही कधी हरला नाहीत. तुम्ही कधी खेळलाच नाहीत."

बाईंना राग येईल असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "नाही ना. इतकी वर्षं बाहेरून बघते, पण मला कोणी सांगितलंच नाही. कसं वाटतं?"

बाईंनी घाई केली नाही. मग ती हळूहळू सांगू लागली. आधी कान बंद होतात, म्हणाली. मग पोटात गार होतं, सर्दीतलं औषध प्यायल्यासारखं. मग सगळे आपल्याकडे बघताहेत असं वाटतं, आणि बघितलं तर कोणीच बघत नसतं, ते जास्त वाईट. बाई मध्ये मध्ये विचारत होत्या, गार म्हणजे किती? कान दोन्ही की एकच? एखाद्याला नव्या गावचा रस्ता विचारावा तसं. ती सांगता सांगता रडली, नाक पुसलं, आणि पुन्हा सांगू लागली.

"आणि आता?" बाईंनी विचारलं.

"आता..." तिने विचार केला. "आता मांडी दुखतेय." मग म्हणाली, "तो आज खांद्याने आला. आधी कधी खांद्याने येत नव्हता. मला कळायला हवं होतं."

"कळलं की आता."

"उरलेला द्या," तोमोका म्हणाली आणि अर्धा मुटका हातातून घेतला.

ती बाहेर आली तेव्हा हिसायो बाकावर बसलेली होती. तोमोका जाऊन तिच्या बाजूला बसली. आई काही बोलली नाही. बोलण्याची तिला किती घाई झालेली होती हे तिच्या गुडघ्यांवर आवळलेल्या हातांवरून दिसत होतं, पण बोलली नाही. थोड्या वेळाने पोरीनेच तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

गेन्ता बापाच्या खांद्यावरून उतरून तिच्याकडे आला, केसांत मीठ घेऊन.

"उद्या परत?" त्याने विचारलं.

"उद्या शाळा आहे."

"शाळेनंतर."

"बरं," ती म्हणाली. "पण खांद्याने आलास तर बघ."

त्या रात्री ती जेवली, दोन वाट्या भात. हे हिसायोने दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन स्वतःहून सांगितलं. काही घ्यायला आली नव्हती, नुसती सांगायला आली होती. शेवटी लाज वाटून बॅटऱ्या घेऊन गेली.

मुराओ काही एका दिवसात सुधारला नाही. पण मित्सुएबाईंनी त्याला नवीन अट घातली. ओरडायचं असेल तर समोरच्या मुलाचंही नाव तेवढ्याच वेळा घ्यायचं. तेव्हापासून पलीकडच्या बंदरावरच्या स्पर्धेला आमची बोट गेली की तिथल्या आईबापांना कोडं पडतं, की हा धिप्पाड माणूस आपल्या पोराला इतक्या जिवाच्या आकांताने का उत्तेजन देतोय. त्यात पहिल्या वर्षी तो समोरच्या मुलाच्या नावाऐवजी शाळेचं नाव ओरडत होता, कारण पाठीवर तेच लिहिलं होतं. आता तो आधी जाऊन मुलांची नावं विचारून घेतो. तिथली पोरं त्याला ओळखतात. काही जण त्याच्याकडून माकुळाचे सुके तुकडे मागून घेतात.

तोमोका त्यानंतरही पुष्कळ जिंकली आणि पुष्कळ हरली. तिकडच्या स्पर्धेत एका वसंतात पहिल्याच फेरीत हरली. परतीच्या बोटीवर डेकवर वाऱ्यात बसून तिने आईला ती कुस्ती पहिल्यापासून सांगितली. सांगताना तिचा आवाज दोनदा बसला. हिसायो म्हणाली, मला डावातलं अक्षर कळलं नाही, पण मी सगळं ऐकलं. माध्यमिक शाळेसाठी त्या दोघी ओसाकाला परतल्या. तोमोकाने तिथे सुमो सोडून हँडबॉल धरला, आणि खुशीत आहे. मित्सुएबाईंना याचं जराही वाईट वाटलं नाही. पट्टा खुंटीला टांगणं वेगळं आणि दुसरा खेळ आवडणं वेगळं, असं त्या म्हणाल्या.

गेन्ता बापाच्या बोटीवर आहे. शनिवारी समुद्र खवळलेला असला तर तो आखाड्यावर येऊन धाकट्यांना ढकलून घेतो. मोठ्या उत्सवात आता तोही मोठ्यांत लढतो, पहिली जिंकला तर दुसरी देतो, आणि फार छान देतो. पाय रोवून, तोंड लाल करून, अगदी शेवटच्या इंचापर्यंत.

मित्सुएबाईंचे गुडघे आता कुरकुरतात. बाकावर त्यांनी उशी आणून ठेवलीय. गेल्या शनिवारी नवी पोरगी आली, दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांची, पहिलीतली. पट्टा बांधून घेतला, आखाड्यापर्यंत आली, आणि मोजे काढणार नाही म्हणून अडून बसली. मोज्यांवर ससे होते. तिचे वडील समजावून थकले, गेन्ता समजावून थकला. मित्सुएबाई तिच्या बाजूला जाऊन बसल्या, सशांची नावं विचारली, आणि ती सांगू लागली. डावा होता मोची, उजव्याचं अजून ठरायचं होतं. मी दुकान बंद करून निघालो तेव्हाही दोघी तिथेच बसल्या होत्या, नाव काही ठरत नव्हतं.